अळंबी ओळखायची कशी? जुन्नर-आंबेगावच्या वारुळांपासून दवाखान्यापर्यंतचा इतिहास

आषाढाचा पाऊस स्थिरावला की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. मोबाईलवरचा फोटो पुढे करून पेशंट विचारतात, "डॉक्टर, ही अळंबी खायची आहे की विषारी?" विचारणारे बहुतेक जण भीमाशंकर, आहुपे किंवा नाणेघाटाकडे फिरून आलेले असतात. माझं उत्तर दरवर्षी तेच असतं. फोटोवरून अळंबी ओळखता येत नाही, आणि कोणी तसं ओळखून दिली तर ती खाऊ नये.

त्यावर लगेच दुसरा प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे. "मग डोंगराकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या खातात, त्यांना कशी कळते?" जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातल्या महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांमध्ये पावसाळी रानभाज्यांबरोबर अळंबीही ताटात येते. त्यांच्याकडे कुठली प्रयोगशाळा नाही. तरीही ती माणसं ती निर्धास्तपणे खातात. हे कसं जमतं, आणि तेच आपल्याला का जमत नाही, हे समजून घ्यायचं तर थोडा इतिहास पाहावा लागेल.

आधी नावांबद्दल

मराठीत अळंबी, अळिंबी, भूछत्र, कुत्र्याची छत्री असे शब्द आहेत. विदर्भात सात्या आणि टेकोडे म्हणतात, गोव्यात अळमी. या नावांत एक गंमत आहे. 'अळंबी' म्हटलं की भाजी डोळ्यांपुढे येते आणि 'कुत्र्याची छत्री' म्हटलं की लाथेने उडवायची वस्तू. म्हणजे खायची आणि न खायची अशी वाटणी भाषेनेच करून ठेवली आहे. पण ही नावं वनस्पतिशास्त्रातल्या जातींची नावं नाहीत. एका गावात ज्याला अळंबी म्हणतात ते दुसऱ्या गावात कुत्र्याची छत्री असू शकतं. त्यामुळे 'आमच्याकडे हिला अळंबी म्हणतात' एवढ्यावरून डॉक्टरला काहीच कळत नाही.

शास्त्राच्या दृष्टीने आपण खातो तो छत्रीचा भाग म्हणजे बुरशीचं फळ. खरी बुरशी जमिनीत, लाकडात किंवा शेणात धाग्यांच्या जाळ्यासारखी वर्षभर पसरलेली असते. पाऊस आणि ऊब जुळली की ती काही दिवसांपुरती वर डोकावते.

चरक आणि सुश्रुत काय म्हणतात

आपल्याकडच्या जुन्या वैद्यक ग्रंथांनी अळंबीची दखल घेतली आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात ४६ व्या अध्यायात अन्नपदार्थांचे गुण सांगितले आहेत. तिथे भूछत्रांचे पाच प्रकार येतात: पेंढ्यावर उगवणारी, उसावर उगवणारी, शेणावर उगवणारी, बांबूवर उगवणारी आणि जमिनीतून उगवणारी. जमिनीतून येणारी पचायला जड असते आणि तिची चव त्या त्या मातीप्रमाणे बदलते, असंही तिथे म्हटलं आहे.

ही वाटणी रंगावरून नाही, आकारावरून नाही. ती कशावर उगवली आहे यावरून आहे. सुश्रुताने पहिला प्रश्न विचारला तो 'कुठे उगवली?' हा. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा उपयोग होणार आहे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला २७ वा अध्यायही अन्नपदार्थांवरच आहे. तिथे सर्पच्छत्रक नावाचा एक प्रकार वर्ज्य सांगितला आहे. बाकीच्या अनेक जाती गोड, थंड, जड आणि सर्दी करणाऱ्या आहेत, असं म्हटलं आहे. म्हणजे यातली एखादी जात घातक आहे हे ठाऊक होतं. पण सर्पच्छत्रक ओळखायचं कसं, हे त्या श्लोकात नाही. ते ज्ञान बहुधा पोथीत नव्हतंच, रानात हिंडणाऱ्यांकडे होतं.

धर्मशास्त्राने तर अळंबी ताटातूनच काढून टाकली. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण आणि कांद्याबरोबर कवक, म्हणजे भूछत्र, द्विजांना निषिद्ध ठरवलं आहे. परिणाम असा झाला की लिहिणारे खात नव्हते आणि खाणारे लिहीत नव्हते.

इंग्रजी अमदानीतही फारसा फरक पडला नाही. डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे शल्यचिकित्सक १८३८ मध्ये पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी वनस्पती उद्यानाचे प्रमुख झाले आणि १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ हिवरे इथेही त्यांनी औषधी वनस्पतींची बाग चालवली. निकोल डाल्झेल यांच्याबरोबर त्यांनी लिहिलेला 'बॉम्बे फ्लोरा' १८६१ मध्ये निघाला. पण तो फुलं येणाऱ्या वनस्पतींचा ग्रंथ. अळंबीला फूल नाही, बी नाही, म्हणून ती त्यात नाही.

वारुळाखालची शेती

सह्याद्रीच्या पट्ट्यात आवडीने खाल्ली जाणारी मुख्य अळंबी वारुळावर येते. तिच्या गटाचं शास्त्रीय नाव टर्मिटोमायसिस. फ्रेंच शास्त्रज्ञ रॉजर हाइम यांनी १९४२ मध्ये हे नाव दिलं. पण वाळवी आणि बुरशी यांचं नातं त्याआधी भारतातच एका डॉक्टरने टिपलं होतं. योहान गेरहार्ड क्योनिग हे तामिळनाडूतल्या तरंगंबाडीच्या मिशनमध्ये वैद्य होते. त्यांनी १७७९ मध्ये वाळवीच्या घरट्यांचं आणि त्यातल्या बुरशीच्या पोळ्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं.

प्रकार असा आहे. वाळवीला लाकूड आणि पालापाचोळा नीट पचत नाही. ती तो कुरतडते, गिळते आणि अर्धवट पचलेल्या विष्ठेची स्पंजसारखी पोळी वारुळात रचते. त्या पोळ्यांवर ही बुरशी वाढते, कठीण भाग मऊ करते, आणि मग वाळवी ते खाते. ही शेती वाळवी सुमारे तीन कोटी वर्षं करत आली आहे. माणसाच्या शेतीला जेमतेम बारा हजार वर्षं झाली. पाऊस पडला की हीच बुरशी मातीतून लांब देठ वर पाठवते आणि छत्री उघडते. म्हणून या अळंबीचा देठ जमिनीत मुळासारखा खोल गेलेला असतो आणि बऱ्याच जातींच्या टोपीच्या मधोमध टोकदार उंचवटा असतो.

वाळवीशिवाय ही अळंबी वाढवून बाजारात आणणं अजून कोणाला जमलेलं नाही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबी संशोधन प्रकल्प आहे. तिथून शेतकरी धिंगरी आणि बटण अळिंबीची लागवड शिकतात, पण वारुळावरची अळंबी रानातच मिळते. म्हणूनच गोव्यात पावसाळ्यात ती फार महाग विकली जाते.

गोव्यात वारुळाला रोयण म्हणतात आणि सांतेरी देवीच्या रूपात त्याची पूजा होते. आपल्याकडे नागपंचमीला वारूळ पुजतात आणि त्या दिवशी जमीन खणत नाहीत. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला तरी वारूळ न मोडण्याचा फायदा उघड आहे. वारूळ राहिलं तर पुढच्या वर्षी त्याच जागी अळंबी पुन्हा येते.

आणि डोंगराकडच्या माणसांना 'कशी कळते' याचं उत्तर इथेच आहे. त्यांना सगळ्या अळंब्या ओळखता येतात असं नाही. त्यांना एक-दोन प्रकार पक्के ठाऊक असतात. कोणत्या वारुळावर, कोणत्या पावसानंतर, किती दिवस, हे ठाऊक असतं. बाकीच्यांकडे ते बघतही नाहीत. आईने आणि आजीने ज्या जागेवरून आणली तिथूनच मुलगी आणते. सुश्रुताचा तोच प्रश्न: कुठे उगवली? ही ओळख अळंबीची जेवढी, तेवढीच जागेची आहे.

चांदीचा चमचा आणि रोमचा बादशहा

जगात इतरत्र लोकांनी एखादी सोपी युक्ती शोधायचा प्रयत्न केला. पहिल्या शतकातल्या ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस याने लिहिलं की गंजक्या खिळ्यांजवळ, कुजक्या चिंध्यांजवळ किंवा सापाच्या बिळापाशी उगवलेली अळंबी विषारी असते. गंमत पाहा, त्याचा नियम आपल्याकडे लावला तर वारुळावरची उत्तम अळंबी टाकून द्यावी लागेल, कारण वारूळ ही नागाची आवडती जागा! त्याच शतकात, इ.स. ५४ मध्ये, रोमचा बादशहा क्लॉडियस मेला. त्याला अळंबीतून विष दिलं गेलं, असं रोमन इतिहासकारांनी लिहून ठेवलं आहे.

अशा युक्त्या आजही व्हॉट्सअॅपवर फिरतात. त्या एकेक करून पाहू.

• शिजवताना चांदीचा चमचा किंवा नाणं काळं पडलं तर विषारी. चूक. चांदी गंधकाच्या संयुगांनी काळी पडते, अळंबीच्या विषाने नाही.

• लसूण किंवा तांदळाचा रंग बदलला तर विषारी. चूक. रंग बदलण्याचा आणि विषाचा संबंध नाही.

• किड्यांनी, गोगलगायींनी खाल्ली असेल तर माणसालाही चालते. चूक. माणसाला मारणारी अळंबी गोगलगाय आरामात खाते.

• टोपीची साल सुटली तर खाण्यायोग्य. चूक. सर्वांत घातक जातीचीही साल सुटते.

• कडू ती विषारी, गोड ती चांगली. चूक. घातक अळंबीतून वाचलेल्या अनेकांनी ती चवीला छान होती असं सांगितलं आहे.

• नीट उकळली, वाळवली की विष जातं. चूक. हे सगळ्यांत धोकादायक आहे, कारण मुख्य विष उष्णतेने नष्ट होत नाही.

भीमाशंकरच्या जंगलात पावसाळी रात्री कुजक्या लाकडावर चमकणाऱ्या बुरशीचंही तसंच. ते दृश्य सुंदर असतं, पण चमकण्यावरून ती खाण्याजोगी आहे की विषारी, हे ठरत नाही.

विष सापडलं कसं

शास्त्राने हे कोडं हळूहळू उलगडलं. १८६९ मध्ये श्मीडेबर्ग आणि कोप्पे यांनी लाल टोपीच्या अळंबीतून मस्करीन हा पदार्थ वेगळा केला. मस्करीन जास्त असलेल्या काही अळंब्या खाल्ल्या की थोड्याच वेळात दरदरून घाम येतो, लाळ गळते, नाडी मंद होते. त्यावर अॅट्रोपिन हे औषध गुणकारी आहे. म्हणजे हे विष लवकर दिसतं आणि त्याला उतारा आहे.

खरा खुनी वेगळा आहे. युरोपात 'डेथ कॅप' नावाने कुप्रसिद्ध असलेल्या अमानिटा फॅलॉइडिस या अळंबीतून जर्मनीत १९४१ मध्ये अमानिटिन वेगळं करण्यात आलं. हे विष आपल्या पेशींमधलं एक महत्त्वाचं यंत्र बंद पाडतं. पेशीला प्रथिनं बनवण्यासाठी जनुकांची नक्कल काढावी लागते. ती नक्कल काढणारं एन्झाइमच हे विष जाम करतं. यकृताच्या पेशी हे काम सतत करतात, म्हणून पहिला घाव यकृतावर बसतो. प्रौढ माणसाला मारायला एक मोठी अळंबी पुरते.

यावर उपाय शोधण्यासाठी फ्रान्समधले एक डॉक्टर, पियर बास्तियाँ, यांनी स्वतः ही अळंबी खाल्ली आणि आपली उपचारपद्धत स्वतःवर वापरून दाखवली. एकदा नव्हे, एकाहून अधिक वेळा. ते वाचले, पण त्यांची पद्धत सर्वमान्य झाली नाही. पुढे मोठ्या मात्रेत पेनिसिलिन, दुधी काट्यापासून मिळणारं सिलिबिनिन, एन-अॅसिटिल सिस्टीन अशी औषधं वापरात आली. आजही या विषावर हमखास उतारा नाही. लवकर दाखल होणं आणि गरज पडल्यास यकृत प्रत्यारोपण, यावरच जीव अवलंबून असतो.

माणूस स्थलांतर करतो, ओळख करत नाही

२०१५ मध्ये सीरियातून जर्मनीत आलेल्या निर्वासितांमध्ये अळंबीच्या विषबाधेचे अनेक रुग्ण आढळले. त्यांच्या देशात खाल्ल्या जाणाऱ्या अळंबीसारखीच दिसणारी डेथ कॅप त्यांनी जंगलातून आणली होती. हॅनोव्हरच्या रुग्णालयाने मग अनेक भाषांत इशाऱ्याची पत्रकं काढली. ही माणसं अडाणी नव्हती. त्यांना अळंबी ओळखता येत होती, पण ती त्यांच्या गावाकडची.

आपल्या देशात एप्रिल २०२२ मध्ये आसाममध्ये रानातली अळंबी खाऊन १३ जणांचा मृत्यू झाला. त्यातले बरेच चहामळ्यांच्या भागातले होते. चहामळ्यांतला बराचसा मजूरवर्ग काही पिढ्यांपूर्वी मध्य भारतातून तिथे नेला गेला होता.

आता हे जुन्नर-आंबेगावला लावून पाहा. डिंभे धरणात गावं गेली, माणसं हलली. पश्चिमेकडची कुटुंबं हंगामात टोमॅटो-द्राक्षाच्या कामाला नारायणगाव-मंचरकडे उतरतात. मुलं शिकायला पुण्यात येतात. पाऊस पडतो, बांधावर किंवा सोसायटीच्या हिरवळीवर पांढऱ्या मोठ्या छत्र्या दिसतात, आणि घरच्या चवीची आठवण येते. हिरवळीवर सर्रास उगवणारी एक मोठी पांढरी अळंबी, क्लोरोफायलम, कोवळी असताना अगदी खाण्याजोगी दिसते. जून झाली की टोपीखालच्या पाकळ्या हिरवट होतात. ती खाल्ली की एक ते तीन तासांत जोरात उलट्या-जुलाब होतात. बहुतेक जण सलाइनने बरे होतात, पण लहान मुलांची आणि म्हाताऱ्यांची अवस्था वाईट होऊ शकते.

दुसरीकडे शहरातली माणसं वरच्या गावांत ट्रेकला जातात, वारुळावरची अळंबी एकदा बघतात आणि पुढच्या वर्षी स्वतःच शोधायला निघतात. त्यांनी अळंबी पाहिलेली असते, पण जागेची ओळख नसते. शिवाय भीमाशंकर हे १९८५ पासून अभयारण्य आहे. पर्यटकांनी तिथून काही तोडून आणू नये.

आणि ट्रफल?

जमिनीखाली वाढणाऱ्या ट्रफलबद्दलही हल्ली विचारणा होते. भारतातलं खरं ट्रफल हिमालयातलं. मसुरीच्या नमुन्यांवरून कुक आणि मॅसी यांनी १८९२ मध्ये त्याला ट्यूबर इंडिकम हे नाव दिलं. झारखंडच्या सालवनात पावसाळ्यात मातीतून निघणारा रुगडा हा दिसायला तसा, पण वेगळ्या गटातला. या बुरशींना ओक, पाइन, साल अशा जोडीदार झाडांची मुळं लागतात. आपल्या हिरडा, जांभूळ, अंजनीच्या जंगलात ती झाडं नाहीत.

म्हणून इथे मातीत गोल गड्डा सापडला तर ट्रफल समजून खाऊ नका. निलगिरीच्या लागवडीत उगवणारे काही गोळे विषारी असतात. शिवाय घातक अमानिटा गटातली अळंबी उघडण्याआधी अंड्यासारखी दिसते. उभी कापल्यावर आत छत्रीचा आकार दिसला तर ती त्या गटातली असू शकते.

घड्याळाकडे बघा

हा लेख वाचून बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी हा भाग राहू द्या.

अळंबी खाल्ल्यानंतर सहा तासांच्या आत उलट्या सुरू झाल्या तर बहुतेक वेळा साधं विष असतं. सहा तासांनंतर, म्हणजे रात्री जेवून पहाटे किंवा दुसऱ्या दिवशी उलट्या-जुलाब सुरू झाले, तर धोका मोठा. उशिरा होणारा त्रास सौम्य समजू नका, तो जास्त गंभीर असतो. आणि एकाच भाजीत दोन प्रकार मिसळले असतील तर लवकर त्रास झाला म्हणूनही निर्धास्त राहता येत नाही.

पुढची फसवणूक दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी होते. उलट्या थांबतात, पेशंटला बरं वाटतं, घरचे म्हणतात, "निघालं सगळं पोटातून." याच वेळी आत यकृत निकामी होत असतं. मग कावीळ, रक्तस्राव, गुंगी. तोपर्यंत हातातले मोलाचे तास गेलेले असतात.

म्हणून:

१. अळंबी खाऊन कोणालाही त्रास झाला तर लगेच दवाखाना गाठा. गरज पडली तर १०८ ला फोन करा. बरं वाटलं तरी यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या होईपर्यंत घरी जाण्याची घाई करू नका.

२. ज्यांनी ज्यांनी ती भाजी खाल्ली त्या सगळ्यांना बरोबर आणा, त्रास नसला तरी.

३. किती वाजता खाल्ली आणि किती वाजता त्रास सुरू झाला हे लिहून आणा.

४. उरलेली भाजी, कच्ची अळंबी, निवडताना टाकलेले देठ कागदात गुंडाळून आणा. प्लॅस्टिकमध्ये ती सडते.

५. मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. ताक, तूप, काढा यांत वेळ घालवू नका.

६. डॉक्टरांसाठी: दिल्लीच्या एम्समध्ये १९९५ पासून राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे. फोनवर चोवीस तास सल्ला मिळतो.

मग खायची की नाही?

ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या एका ठरावीक वारुळावरची अळंबी येते आणि आणणारं माणूस जाणतं आहे, त्यांना मी कधीच नाही म्हणत नाही. तो त्यांचा वारसा आहे. त्यांनीही चार गोष्टी पाळाव्यात. ताजी असतानाच, पूर्ण शिजवून खावी. लहान मुलांना थोडीच द्यावी. फवारणी झालेल्या बांधावरची घेऊ नये. आणि वारुळात हात घालू नये, कारण तिथल्या नागाचं विष अळंबीच्या विषापेक्षा खूप लवकर मारतं.

बाकी सगळ्यांसाठी बाजारातली धिंगरी आणि बटण अळिंबी आहेच. रानातली खायची फार हौस असेल तर जाणत्याच्या घरी, त्याच्या हातची, त्याच्याबरोबर बसून खा. पण त्या एका जेवणावरून आपल्याला अळंबी ओळखता येते असं समजू नका. ती ओळख त्या माणसाची आणि त्या वारुळाची आहे. डोंगर उतरताना ती बरोबर येत नाही.